नागासाकीतला रविवार: मिस्सा, कास्तेला आणि आपला गोन्सालो

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही तिघं नागासाकीच्या ओउरा चर्चच्या चढावर उभे होतो आणि फाटक बंद. मी, आमचे हे आणि माझी धाकटी जाऊ. मुंबईच्या टूरवाल्याने कागदावर लिहून दिलं होतं: शनिवार संध्याकाळ, ओउरा चर्च, मिस्सा (म्हणजे चर्चमधली आपली सामूहिक उपासना). फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ साखळी लावत होते. आम्हाला बघून त्यांनी दोन्ही हात छातीसमोर आडवे-उभे धरून फुली केली. जपानमध्ये याचा अर्थ ‘नाही, बंद’. माझ्या जावेला वाटलं ते क्रूस दाखवताहेत. तिने लगेच कपाळ, छाती, खांदे करून क्रुसाची खूण केली आणि ‘आमेन’ म्हणाली. ते गृहस्थ गोंधळले आणि कमरेतून वाकून त्यांनी नमस्कार केला. मिस्सा काही मिळाली नाही.

तुमचं असं होऊ नये म्हणून हे लिहितेय. वसईकडून आता जपानला बरेच जण जातात. टोकियो, क्योटो, फुजी झालं की कुणीतरी म्हणतंच, ‘नागासाकीला जाऊन येऊ, गोन्सालो गार्सिया तिथेच ना?’ तिथेच. वसईचा हा संत तिथेच हुतात्मा झाला. पण तो एक दिवस, विशेषतः रविवार, नीट लावावा लागतो. नाहीतर तिकिटं काढता काढता संध्याकाळ होते आणि प्रार्थना हॉटेलच्या खोलीत पलंगावर बसून करावी लागते.

कुठे बघायचं आणि कुठे प्रार्थना करायची

पहिली गोष्ट ही समजून घ्या की नागासाकीत ‘बघायचं’ चर्च वेगळं आणि ‘मिस्सेचं’ चर्च वेगळं. ओउराचं जुनं चर्च १८६४ साली फ्रेंच मिशनऱ्यांनी बांधलं. १५९७ साली नागासाकीत मारलेल्या २६ ख्रिस्ती हुतात्म्यांच्या नावाने ते अर्पण केलेलं आहे, ते जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे आणि २०१८ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. तिथे आत जायला तिकीट लागतं. आम्ही माणशी १००० येन दिले. आत फोटो काढायचे नाहीत. तिथल्या धर्मग्रामाची नेहमीची रविवारची मिस्सा मात्र त्याच चढावरच्या साध्या, नव्या इमारतीत होते. फोटोत ती कधी दिसत नाही, म्हणून टूरवाल्यांना ती माहीतच नसते.

रविवारच्या मिस्सेला माझं मत उराकामी. ते आर्चबिशपांचं कॅथेड्रल आहे. लोक तिथे राहतात, लग्नं करतात, त्यांची मयतं तिथून निघतात. सकाळी एकाहून जास्त मिस्सा असतात. वेळा अधूनमधून बदलतात. म्हणून आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर जाऊन ‘उराकामी, मिसा’ एवढंच म्हणा. मुलगी फोन करून वेळ विचारून देते आणि कागदावर लिहूनही देते.

‘मिसा’ हा शब्द लक्षात घ्या. जपानी लोक मिस्सेला ‘मिसा’च म्हणतात. ज्या पोर्तुगीज गलबतांनी आमच्या आजीच्या तोंडी ‘मिस्सा’ घातला, त्यांनीच तो त्यांनाही दिला. आपला पाव तो तिकडचा ‘पान’. पाद्रीचा जुना जपानी उच्चार ‘बातेरेन’. आपण क्रूस म्हणतो, तिथले छुपे ख्रिस्ती ‘कुरुसु’ म्हणत. त्या दिवसभरात मला जेवढे जपानी शब्द कळले, ते सगळे मला वसईतच आधी कळले होते.

शनिवारी रात्रीची तयारी

मिस्सा जपानीत असते. इंग्रजीची वाट बघू नका. पण कॅथोलिक माणसाला एक सोय आहे, तिचा फायदा घ्या: त्या रविवारची वाचनं जगभर तीच असतात. वसईतल्या आमच्या गासच्या चर्चमध्ये जे शुभवर्तमान वाचलं जाणार, तेच उराकामीत. शनिवारी रात्री मी मोबाइलवर मराठीत तिन्ही वाचनं काढून मोठ्याने वाचली, हे आणि जाऊ ऐकत होते. दुसऱ्या दिवशी फादर जपानीत वाचत होते तेव्हा निदान कुठला प्रसंग चाललाय ते डोक्यात होतं. प्रवचनाचं काही कळलं नाही. पण घरी तरी कुठे सगळं कळतं, असं आमचे हे म्हणाले. त्यांना मी चिमटा काढला.

कपडे साधे आणि गडद. आपल्याकडे सणाला नवीकोरी साडी, अंगावर दागिने. तिथे रविवारीसुद्धा काळा, निळा, राखाडी असे रंग असतात. फेब्रुवारीत थंडी बोचरी असते, समुद्रावरून वारा येतो आणि चर्चमध्येही गारठा जाणवतो. मी साडीच नेसले होते, आतून गरम पायमोजे आणि वर जाड स्वेटर. कुणी टक लावून बघितलं नाही. बाहेर पडल्यावर मात्र दोन आजीबाईंनी काठाला हात लावून पाहिला.

सुटी नाणी जवळ ठेवा. ती दोन ठिकाणी लागतात, दानाच्या पिशवीत आणि ट्रामला. नागासाकीची ट्राम फार सोयीची आहे. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं आणि उतरताना ड्रायव्हरजवळच्या डब्यात पैसे टाकायचे. कितीही लांब जा, भाडं एकच. सुटे नसतील तर त्याच डब्याला जोडलेल्या यंत्रात हजाराची नोट मोडता येते, त्याहून मोठी नोट ते घेत नाही. तुमच्याकडे टोकियोचं सुइका कार्ड असेल तर तेही चालतं, आणि मग नाण्यांची कटकट राहत नाही.

एक सांगून ठेवते. घरून मांसाचं काहीही नेऊ नका, लोणचंसुद्धा नको. जपानच्या विमानतळावर ते काढून घेतात, वर दंडाचीही तरतूद आहे. माझ्या जावेने डुकराच्या मांसाचं लोणचं नेण्याचा बेत केला होता. तो मी वसईतच हाणून पाडला.

उराकामीची सकाळ

नागासाकी स्टेशनसमोरून अकासाकोकडे जाणारी ट्राम घ्या. १ नंबरची निळी किंवा ३ नंबरची लाल, या बाजूला दोन्ही चालतात. पीस पार्कच्या थांब्यावर उतरून दहाएक मिनिटं चालायचं. शेवटी थोडा चढ आहे. विटांचे दोन मनोरे लांबूनच दिसतात.

या जागेचा इतिहास तिथे जाण्याआधी वाचून जा, कारण चर्चमध्ये तो कुणी सांगत बसत नाही. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि ती उठली १८७३ला. मधली अडीचशे वर्षं उराकामीचे शेतकरी फादरशिवाय, मिस्सेशिवाय, घरातल्या घरात बाप्तिस्मा देत राहिले. आपण ख्रिस्ती नाही हे सिद्ध करायला दरवर्षी गावच्या मुखियाच्या घरी त्यांना येशूच्या किंवा मारियेच्या चित्रावर पाय ठेवून दाखवावा लागे. बंदी उठल्यावर त्यांनी तीच मुखियाची जागा विकत घेतली आणि तिच्यावर चर्च बांधलं. १८९५ला सुरू केलं, १९१४ला पूर्ण झालं. ९ ऑगस्ट १९४५ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबाँब त्याच्यापासून जेमतेम पाचशे मीटरवर फुटला. आत १५ ऑगस्टच्या मारियेच्या सणासाठी पापनिवेदन चालू होतं. उराकामीच्या सुमारे १२ हजार कॅथोलिकांपैकी ८,५००च्या आसपास गेले. आज दिसतं ते चर्च १९५९ सालचं आहे.

आत गेल्यावर मागच्या बाकांवर बसा आणि पुढचा माणूस करेल तसं करा. तो उभा राहिला की उभं राहायचं, वाकला की वाकायचं. म्हाताऱ्या बायका डोक्यावर पांढरी जाळीची ओढणी घेतात. आमच्या सासूबाई लाल लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतल्याशिवाय चर्चची पायरी चढत नसत. मला त्यांचीच आठवण आली आणि मीही पदर घेतला. सक्ती मुळीच नाही, घेतला नाही तरी चालतं.

गाणी हळू आवाजात होती आणि ऑर्गन वाजत होता. ‘आमेन’ आणि ‘आलेलुया’ तेवढे ओळखीचे. प्रभूची प्रार्थना आली ती चालीवरून कळली. आम्ही तिघांनी ती ओठांतल्या ओठांत मराठीत म्हटली. कुणाला त्रास होत नाही, म्हणा.

शांतीची खूण करायची वेळ आली तेव्हा मी जरा घाबरले होते. परदेशात हात मिळवतात, मिठी मारतात असं ऐकलेलं. तर मागच्या बाकावरच्या बाईने हात जोडले आणि वाकली. हे तर आपलंच! आपल्याकडेही मिस्सेत आपण हातच जोडतो की. मी हात जोडले, ती पुन्हा वाकली, मी पुन्हा वाकले. असं तीनदा झालं. शेवटी फादरांनी पुढचं सुरू केलं म्हणून सुटका.

कम्युनियनसाठी, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, रांग शिस्तीत जाते. तुमच्याबरोबर ख्रिस्ती नसलेले मित्र असतील तर त्यांनी बाकावरच बसून राहावं, कुणी काही म्हणत नाही. मिस्सा साधारण तासाभराची. मोबाइल बंद म्हणजे बंद. मिस्सा चालू असताना फोटो काढायचा विचारही करू नका.

मिस्सा संपल्यावर लगेच बाहेर पडू नका. आत एक छोटं चॅपल आहे. तिथे मारियेच्या लाकडी मूर्तीचं फक्त डोकं ठेवलेलं आहे. जुन्या चर्चच्या वेदीवरची ती मूर्ती. बाँबनंतर ऑक्टोबरात एका धर्मगुरूला ते डोकं ढिगाऱ्यात सापडलं. एक गाल करपून काळा झालाय आणि डोळ्यांच्या जागी दोन खोल भोकं आहेत. मूर्तीला काचेसारखे डोळे बसवलेले होते, ते उष्णतेने गेले. चेहरा मात्र अजून तरुण मुलीचा आहे. माझी जाऊ बडबडी, पण तिथे ती दहा मिनिटं एक शब्द बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘वैनी, ती आपल्याकडे बघत नव्हती, तरी बघत होती.’

चर्चच्या उताराखाली ओढ्याच्या कडेला जुन्या घंटाघराचा घुमट पडलाय. तो कुठे आणून मांडलेला नाही, स्फोटाने उडून जिथे गेला तिथेच आहे. तोही बघा, पाच मिनिटांचं काम.

तिथून चालत जाण्यासारखं आणखी एकच ठिकाण मी सांगेन, ते म्हणजे डॉ. ताकाशी नागाई यांची झोपडी, ‘न्योकोदो’. ते क्ष-किरणांचे डॉक्टर होते. त्यांना ल्युकेमिया झालाय हे बाँबच्या आधीच कळलं होतं. बाँबमध्ये त्यांची बायको गेली. राखेत तिच्या अस्थींबरोबर वितळलेली जपमाळ सापडली. धर्मग्रामातल्या लोकांनी त्यांना ही झोपडी बांधून दिली. दोन तातामी, म्हणजे आपली एक सतरंजी आणि तिच्या शेजारी दुसरी, एवढीच जागा. तिथे दोन मुलांसह ते राहिले आणि अंथरुणात पडून लिहीत राहिले, १९५१ला वारले तोवर. नावाचा अर्थ ‘स्वतःसारखी’, म्हणजे शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, त्यातला. बाहेरूनच बघायची आहे. आमचे हे रेल्वेत होते. त्यांनी बघून सांगितलं, गार्डाच्या डब्यापेक्षा लहान आहे.

बाँबचं मोठं संग्रहालयही जवळच आहे. ते बघावंच. पण रविवारी नको. मिस्सेनंतर ते बघितलं तर दिवसभर दुसरं काही करवत नाही आणि घाईने बघण्यासारखं तर ते नाहीच. आम्ही ते सोमवारी केलं, तीन तास लागले. रविवारी फक्त स्फोटाच्या केंद्रबिंदूचं उद्यान बघा. तिथे जुन्या उराकामी चर्चच्या भिंतीचा एक तुकडा उभा केलेला आहे.

पोटोबा

ट्रामने शिंची चायनाटाउनला या. इथे एक गोम आहे. उराकामीहून परत येताना १ नंबरची निळीच घ्या. जाताना दोन्ही चालतात, येताना लाल घेतली तर ती दुसरीकडे वळते. आम्ही लाल घेतली होती. शहर बघून झालं.

नागासाकीत ‘चँपॉन’ खायचं. जाड नूडल्स, त्यावर कोबी, मोड, डुकराचं मांस, कोळंबी, माकूळ, सगळं एका वाडग्यात आणि दुधाळ रंगाचा गरम रस्सा. १८९९ साली इथल्या एका चिनी खानावळवाल्याने गरीब चिनी विद्यार्थ्यांसाठी हे सुरू केलं म्हणतात. वसईच्या माणसाला आवडणारच. वाडगा केवढा असतो ते बघून मागवा, आम्ही तीन मागवले आणि एक उरलं. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला असेल तर राखेचा बुधवार आणि शुक्रवार सांभाळा, त्या दिवशी मांस नको.

शाकाहारी मंडळींसाठी: ‘मांस नको’ म्हटलं तरी वरचे तुकडे तेवढे काढतात, रस्सा हाडांचाच राहतो. साध्या उदोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या पाण्यातही मासळी असते. कोपऱ्यावरच्या दुकानातून उमेबोशीचा, म्हणजे आंबट खारवलेल्या फळाचा भाताचा गोळा आणि केळी घ्या. हेच त्यातल्या त्यात निर्धास्त.

मग कास्तेला. पोर्तुगीजांनी आणलेला हा केक नागासाकीने आपलासा केला. अंडी, साखर, मैदा, लोणी नाहीच. तुकडा हातात घेतलात की खालचा कागद हळूच सोलायचा. ओढून काढला तर तळाला बसलेली जाड साखर कागदाबरोबर जाते आणि खरी गंमत तर त्या कचकच लागणाऱ्या साखरेतच आहे. फुकुसाया हे १६२४ सालचं दुकान. त्यांचा डबा आम्ही घेतला आणि अर्धा संध्याकाळसाठी बांधून ठेवला. त्याचं पुढे येईलच.

ओउरा: वरून खाली या

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा. ओउरा चर्च आणि ग्लोव्हर गार्डन एकाच टेकडीवर आहेत. सगळे खालून चढत जातात, धापा टाकतात आणि चर्चपर्यंत पोहोचेतो वैतागतात. तसं करू नका. शिंचीहून ५ नंबरची हिरवी ट्राम घ्या, ओउरा तेन्शुदोच्या थांब्यावर उतरू नका, पुढच्या शेवटच्या इशिबाशी थांब्यावर उतरा. तिथे टेकडीवर तिरकी जाणारी लिफ्ट आहे, ग्लोव्हर स्काय रोड. फुकट. ती तुम्हाला बागेच्या वरच्या दाराजवळ सोडते. मग फक्त उतरत यायचं.

हे आम्हाला शनिवारच्या त्या साखळीवाल्या आजोबांनी सांगितलं. म्हणजे हातांनी तिरकी रेघ ओढून दाखवली. आम्हाला अर्थ कळला रविवारी दुपारी.

बागेचं तिकीट वेगळं आहे. ग्लोव्हर हा स्कॉटिश व्यापारी, त्याचं १८६३ सालचं लाकडी घर अजून उभं आहे. खरं सांगू, मला घरापेक्षा व्हरांड्यातून दिसणारं बंदर आवडलं. समोर जहाजबांधणीचा कारखाना, पलीकडे डोंगर. हीच ती खाडी, जिथे १५७१ पासून पोर्तुगीज गलबतं यायला लागली, गोव्याहून मकाव आणि मकावहून इथे. तासभर बाकावर बसा. सुट्टीवर आलो आहोत, आरामही केला पाहिजे. आमच्या ह्यांनी तिथे चक्क डुलकी काढली.

मग उतरत ओउरा चर्चपाशी या. तिकीट काढा, आत जा आणि उजव्या बाजूच्या वेदीवरची मारियेची मूर्ती शोधा. चर्च उघडून महिना झाला नव्हता, १७ मार्च १८६५ची दुपार, तेव्हा उराकामीहून दहा-पंधरा माणसं आली. तिथले फ्रेंच फादर पेतिजाँ प्रार्थना करत होते. एक बाई त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. आणि विचारलं, ‘सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?’ अडीचशे वर्षं लपून राहिलेली माणसं अशी पहिल्यांदा उजेडात आली. त्याची शिक्षाही त्यांना झाली. उराकामीच्या तीन हजारांहून जास्त लोकांना घराबाहेर काढून दूरदूरच्या प्रांतांत पाठवलं, त्यातले कित्येक परत आलेच नाहीत. सकाळी आपल्या पुढच्या बाकावर जी म्हातारी होती, तिची पणजी कदाचित त्यात असेल. म्हणून मी म्हणते, उराकामी आधी, ओउरा नंतर. आधी माणसं भेटली की मग मूर्ती नुसती मूर्ती राहत नाही.

इथून निघायचं साडेतीनला, त्याहून उशीर नको.

निशिझाका, चार वाजता

नागासाकी स्टेशनपासून पाचेक मिनिटांचा चढ. लाकडी काठीचा आधार घ्यायची सवय असेल तर घ्या. वर एक मैदान आणि मैदानाच्या कडेला लांब दगडी भिंत. तिच्यावर २६ ब्राँझच्या आकृत्या एका ओळीत, पाय खाली लोंबते, जणू जमिनीवरून नुकतेच उचलले गेलेत. यासुताके फुनाकोशी या शिल्पकाराचं हे काम, १९६२ सालचं, म्हणजे संतपद मिळाल्याला शंभर वर्षं झाली तेव्हाचं.

मागे छोटं संग्रहालय आहे. ते पाचला बंद होतं, म्हणून आधी तिथे जा. काउंटरवर आपला संत विचारा. मी म्हटलं, ‘गोन्सालो गार्सिया, वसई, इंडिया.’ तिथल्या बाईंना ‘वसई’ कळलं नाही. मी वसईचं पोर्तुगीजांच्या वेळचं नाव, ‘बासाइन’ म्हटलं. ‘आ!’ म्हणाल्या, उठून बाहेर आल्या आणि भिंतीच्या मधल्या भागात उभ्या असलेल्या परदेशी फ्रान्सिस्कन संन्याशांमधला एक बोटाने दाखवला. ‘गोन्झारो गारुशिआ.’ कमरेला दोरी, हात जोडलेले. त्याशिवाय मला तो ओळखता आला नसता.

त्याची गोष्ट आमच्या गावच्या मुलांना पाठ असते. गासच्या चर्चला त्याचंच नाव आहे. पण तिथे उभं राहून ती परत सांगावी लागते, मी सांगितली. वडील पोर्तुगीज, आई इथलीच कोकणातली, जन्म १५५७च्या सुमारास. वसईत जेझुइट संघाच्या धर्मगुरूंच्या शाळेत शिकला, पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला आला, जपानी इतकं बोलायला लागला की लोक ऐकत राहत. जेझुइटांनी त्याला आपल्या संघात घेतलं नाही. मग व्यापार केला. मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. पुढे फिलिपिन्सहून फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात गेले, तेव्हा त्यांच्या तोंडचा दुभाष्या आपला वसईचा मुलगा. १५९६च्या अखेरीस अटक झाली. क्योटोत डाव्या कानाची पाळी कापली आणि भर थंडीत महिनाभर चालवत इथे आणलं. ५ फेब्रुवारी १५९७ला याच टेकडीवर क्रुसावर चढवून भाले मारले. २० जपानी, ४ स्पॅनिश, १ मेक्सिकोचा, १ आपला. सगळ्यात लहान लुई इबाराकी, १२ वर्षांचा. १८६२ साली नवव्या पायस पोपमहाशयांनी सगळ्यांना संत जाहीर केलं.

आमची एक चूक इथे कबूल करते. ५ फेब्रुवारीच्या जवळच्या रविवारी या मैदानावर उघड्यावर मोठी मिस्सा होते. आम्ही नेमके एक आठवडा उशिरा पोहोचलो. टूरवाल्याला मी तीन वेळा सांगितलं होतं सणाचा रविवार धर, त्याने स्वस्त तिकिटाचा रविवार धरला. तुम्ही विमानाचं तिकीट काढण्याआधी नागासाकी आर्चडायोसिसची तारीख बघा, मग बाकीचं. हुकली तरी नाराज होऊ नका. आम्ही भिंतीसमोरच्या पायरीवर बसून मराठीत जपमाळेचे पाच दशक म्हटले. एक जपानी जोडपं कुत्र्याला फिरवत आलं होतं, ते थांबलं, कुत्रंही बसलं.

मग कास्तेलाचा डबा काढला. फेब्रुवारीत नागासाकीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जपानमध्ये तसा उशिरानेच. खाली स्टेशनात गाड्या ये-जा करत होत्या. जावेने एक तुकडा कागदावर ठेवून भिंतीच्या कडेला ठेवला, गोन्सालोच्या खाली. मी म्हटलं, अगं इथे कचरा करत नाहीत, लोक रागावतील. तिने उचलला, कागद सोलला आणि स्वतःच खाल्ला. साखर कागदाला चिकटलीच.

पायात बळ उरलं असेल तर चिनी नववर्षाच्या दिवसांत शिंचीच्या गल्ल्यांत पंधरवडाभर कंदील लागतात, ते बघायला ट्रामने पुन्हा जाता येतं. आम्ही गेलो नाही. उतरताना पायऱ्यांचा कठडा धरा, पाऊस पडून गेला असेल तर दगड निसरडे होतात.